केआलामाकानी यांची चौकशी पूर्ण झाली आहे

नास, काउंटी किल्डेअर, आयर्लंड
मंगळवार

ती. नाना यांसी,

वसुधाचा नमस्कार. साष्टांग घातला असता, पण गुडघा अजून वाकत नाही आणि सध्या तो वाकवायची इच्छाही नाही. तुमची शुगर कशी आहे ते कळवावे. वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झालं असं ऐकलं. (तुम्ही त्यांना ड्रॉप्स वेळेवर घालता की नाही, हे मी त्यांनाच विचारणार आहे.) इकडे बाळ-बाळंतीण सुखरूप. मुलगी नाकीडोळी नीटस आहे, आवाज मात्र तुमच्यावर गेला आहे, म्हणजे ती बोलत असताना दुसऱ्या कोणाला बोलता येत नाही. पत्रात विनंती आणि विशेष दोन्ही लिहायची आपली पद्धत आहे. विशेष पुष्कळ आहे. विनंती असलीच तर शेवटी.

फोन सोडून पत्र का, असं तुम्ही म्हणाल. फोनवर तुम्ही मध्येच तोडता. व्हॉट्सॲपवर हात जोडलेलं चित्र टाकून विषय संपवता. व्हिडिओ कॉलवर काय करता ते पुढे येईलच. म्हणून कागद.

तुम्हाला सोयीचं तेवढंच लक्षात राहतं, तेव्हा पहिल्यापासून लिहिते. तुमचा भाऊ विनय जाऊन सहा वर्षं झाली. तुम्हाला मूलबाळ नाही. त्यामुळे उंबरझरे या आडनावाचं शेवटचं माणूस म्हणजे आमची केतकी. (मला धरू नका. तुमच्या कुलवृत्तांताच्या मसुद्यात मी कंसात आहे. सगळ्या सुना कंसात आहेत, अगदी वहिनीसुद्धा, आणि तो मसुदा टाइप त्यांनीच केला आहे.) केतकीने नवरा केला तो हवाई बेटांवरचा, केओला केआलामाकानी. दोघं डब्लिनला एका वर्गात शिकत होती, आता ब्लँचर्डस्टाउनला एका कंपनीत नोकरी करतात आणि इथे नासला घर घेऊन राहतात. मुलगा उंच, शांत आणि भांडी घासून पालथी घालणारा आहे. आडनाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझीही जीभ अडखळली, पण एका संध्याकाळी बसून मी ते पाठ केलं. तुम्हाला दोन वर्षांत ते जमलं नाही. तुम्ही अजून 'ते आपले जावई, के काहीतरी' असंच म्हणता.

लग्न ठरलं तेव्हा तुम्ही प्रथम काय म्हणालात, आठवतं का? मला आठवतं, कारण तुमचे अकरा व्हॉइस मेसेज माझ्या फोनमध्ये आहेत. तुम्ही म्हणालात, हवाईत समुद्र, नारळ, लाल माती आणि काळा कातळ आहे, म्हणजे ही मंडळी मूळची कोकणातलीच, गलबतं भरकटून तिकडे गेलेली असणार, तेव्हा वसुधा, गोत्र विचार. नारळ आणि माती एवढ्या पुराव्यावर तुम्ही त्या घराला गोत्र लावायला निघाला होतात. मी बी.ए.ला इतिहास घेतला होता. मी गप्प बसले, कारण हसले असते तर दिराचा मान राखला नाही असं झालं असतं.

मग तुमच्या कपाटातल्या एकाही ग्रंथात हे आडनाव मिळालं नाही (हवाईचं आडनाव पुण्यातल्या कपाटात का मिळावं, हे तुम्हालाच ठाऊक) आणि तुमचं मत एका रात्रीत फिरलं. ज्या आडनावाची पंचवीस घरंसुद्धा सापडत नाहीत ते आडनाव खरं नसतं, काहीतरी करून पळालेल्या माणसाने घेतलेलं असतं, असं तुम्ही ठरवलंत. मी बाळंतपणाला इकडे यायला निघाले तेव्हा विमानतळावर तुमचे दोन हुकूम आले. एक, या आडनावाचा उगम आणि ते इतकं दुर्मिळ का, याचा खाजगीत छडा लाव. दोन, जे मूल होईल त्याला उंबरझरे हेच आडनाव लागलं पाहिजे, ती जबाबदारी तुझी. मी 'बरं' म्हणाले. ट्रॉलीवर डिंकाच्या लाडवांचे डबे होते आणि रांग पुढे सरकत होती, म्हणून म्हणाले.

आता ही खाजगी चौकशी. पद्धतही तुमचीच. माझं लग्न ठरताना तुम्ही आमच्या गल्लीत येऊन कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला माझ्याबद्दल विचारून गेला होतात. (तो म्हणाला होता, 'मुलगी तापट आहे, पण कपडे वेळेवर नेते.' हे विनयने मला लग्नानंतर सांगितलं, आणि पुढे भांडणात अनेकदा वापरलं.) नासमध्ये इस्त्रीवाला नाही. इथे सगळे चुरगळलेलेच हिंडतात. तेव्हा मी शेजारच्या नोरीनबाईंकडे गेले. सत्तरीच्या आहेत, नवरा नाही, गुडघे माझ्यासारखेच. बाळ झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात लाडू घेऊन गेले आणि चहा होईतो विचारलं, आमचा जावई कसा वाटतो. म्हणाल्या, ग्रँड. इथे सगळंच ग्रँड असतं, हवा, चहा, मूत्रपिंडाचं ऑपरेशन. मी विचारलं, त्याची माणसं कुठली, काही कल्पना? यावर त्यांनी मला स्वतःची माणसं सांगितली. आई मेयो काउंटीची, बापाचे वडील इथलेच, कोणत्या चुलत्याने कोणतं शेत कोणाला विकलं, कोण कोणाशी कशावरून बोलेनासा झाला. नाना, ही बाई तुमच्याच पंथातली आहे. तुम्हा दोघांची गाठ पडली तर मध्ये कोणाला पाणीसुद्धा मिळणार नाही.

चूक माझी एवढीच की मी खोटं बोलले नाही. त्यांनी विचारलं, 'पण तुम्ही हे आता का विचारता, वसुधा? मूलही झालं.' मी म्हणाले, हे आडनाव कुठेच सापडत नाही म्हणून. त्यांनी कप खाली ठेवला. 'कुठेच नाही?' मी म्हणाले, आमच्या थोरल्या दिरांनी दोन वर्षं शोधलं, कुठेच नाही. 'मग युअर मॅन आहे तरी कोण?' (इथे कोणाबद्दलही बोलताना युअर मॅन म्हणतात, तो आपला असो नसो.) मी म्हणाले, तेच तर शोधते आहे.

त्या आठवड्यात औषधांच्या दुकानातली मुलगी केओलाकडे बघून जरा जास्तच गोड हसली. पोस्टमनने पाकीट देताना नाव मोठ्याने वाचून त्याच्या तोंडाकडे पाहिलं. आणि शनिवारी मुलांच्या खेळाच्या क्लबातले एक गृहस्थ दारात आले. केओला तिथे सहा-सात वर्षांच्या पोरांना चेंडू मारायला शिकवतो, फुकट, पावसात. गृहस्थ टोपी हातात धरून, पायपुसण्याकडे बघत म्हणाले की तसं काही नाही, नुसतं कागदोपत्री, पण तुझं नाव खरं तेच आहे ना? केओला आत गेला, पासपोर्ट आणून दाखवला. ते 'ग्रँड, ग्रँड' म्हणत गेले. पासपोर्ट ठेवायला गेलेला केओला ड्रॉवर बंद करून तिथेच उभा राहिला, परत उघडला, परत बंद केला. मी स्वयंपाकघरातून बघत होते. त्याने आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

आवाज चढवायला माझी मुलगी होती. बाळ खांद्यावर, ते ढेकर देत नव्हतं, आणि ही माझ्यासमोर.

'आई, नोरीनला काय सांगितलंस?'

'खरं तेच. आडनाव सापडत नाही.'

'कुठे सापडत नाही? नानाकाकांच्या कपाटात?'

'ते म्हणाले की...'

'ते पुण्यात बसून म्हणाले. तू इथे आहेस. तो रोज तुझ्यासमोर बसून लसूण सोलतो, त्याला विचारायचं तुला एकदाही सुचलं नाही?'

नाना, परीक्षा विभागात मी तीस वर्षं नोकरी केली, उत्तर नसलेली पोरं कशी दिसतात ते मला माहीत आहे. मी तशीच दिसत असणार. केतकीने बजावलं की याची भरपाई होईपर्यंत बारशाचा विषय काढायचा नाही. केओला फक्त एवढंच म्हणाला (मला तो आई म्हणतो, आ जरा जास्त लांबवतो) की माझ्या बाबांना विचारा ना, इतकी वर्षं ते कोणीतरी विचारायची वाट बघताहेत.

म्हणून परवाचा तो कॉल. हवाईत पहाट, इथे संध्याकाळ, तुमच्याकडे जेवणं उरकलेली. तुम्ही हजर राहिलात कारण चौकशी स्वतः करायची होती. कुलवृत्तांताची फाइल मांडीवर, चष्मा पुसून ठेवलेला, हे मी पाहिलं. व्याही कडक इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते (सगळ्या प्रकरणात इस्त्री फक्त त्यांच्याकडे निघाली), मागे कोंबडे आरवत होते. तुम्ही नमस्कारसुद्धा न करता विचारलंत, की तुमचं आडनाव आलं कुठून आणि ते इतकं कमी का आढळतं. मला जमीन फाटून आत घेईल तर बरं असं झालं. ते गृहस्थ मात्र प्रसन्न झाले. डोळे मिटले आणि आपले पूर्वज म्हणायला लागले. कागद नाही, अडखळणं नाही, एकामागून एक नावं, बापाचं नाव, आईचं नाव, मग त्यांच्या मुलाचं, आपल्याकडे संध्याकाळी परवचा म्हणत तशा चालीवर. त्यांच्यात आया कंसात नाहीत, हे माझ्या लक्षात आलं. तुमच्याही आलं असेल.

मग त्यांनी सांगितलं ते इथे लिहून ठेवते, म्हणजे 'मला ऐकू आलं नाही' असं म्हणता येणार नाही. त्यांच्याकडे पूर्वी आडनाव ही भानगडच नव्हती. माणसाला एकच नाव, ते त्याच्यापुरतं. साधारण १८६० साली त्यांच्या राजाच्या राज्यात कायदा झाला की प्रत्येकाला आडनाव हवं, आणि पोरांनी बापाचं नाव तेच आडनाव म्हणून लावायचं. म्हणजे आपण बापाचं नाव मध्ये लावतो, त्यांनी ते शेवटी लावलं, आणि तिथेच कायमचं ठेवलं. केआलामाकानी हा कोणी सरदार नव्हे की गाव नव्हे. तो यांच्या खापरपणजोबांपैकी एक साधा माणूस. त्याची आई पोटात कळा येत असताना दोन डोंगरांमधल्या एका खिंडीतून चालत होती, तिथे सतत वारा असतो, म्हणून मुलाचं नाव 'वाऱ्याची वाट'. त्याच्या पोरांनी ते लावलं. त्याच्या सख्ख्या भावाच्या पोरांनी आपल्या बापाचं लावलं. चुलतभाऊ एका अंगणात वाढले आणि आडनावं वेगळी. तेव्हा एकेका आडनावाच्या मागे एकेकच माणूस, मग घरं पंचवीस कुठून सापडणार?

आणि जी झाली तीही उरली नाहीत. व्याही हे सांगताना बसले. ते म्हणाले, बाहेरच्या बोटी आल्या, बोटींबरोबर देवी आणि गोवर आले, आणि आमच्याकडे घरंच्या घरं रिकामी झाली. त्या माणसाला सात मुलं होती, मोठं होऊन संसार केला एकाने. आज आम्ही सगळे मिळून एका मिनीबसमध्ये मावू.

आडनाव दुर्मिळ का, तर ते लावणारी माणसं गेली म्हणून. आणि तुम्ही आणि मी (मी तुमचा निरोप्या झाले, म्हणून मीही) त्याचा अर्थ लावला की कोणीतरी चोरी करून पळालं असेल. मला त्या क्षणी तुमचा इतका राग आला की मी उशीचा अभ्रा काढून परत घातला. अजून आलेला आहे. हे पत्र त्या रागातच चाललं आहे.

त्यानंतर व्याह्यांनी अतिशय आदराने विचारलं, 'आता तुमचं सांगा. उंबरझरे कुठून आलं?'

आणि तुम्ही गोठलात.

तोंड अर्धवट उघडं, बोट फाइलवर. मला आधी खरंच वाटलं की नेट गेलं. केओला म्हणाला, थांबू या, येईल. व्याही म्हणाले, आमच्याकडेही असं होतं, आम्हाला घाई नाही. पण नाना, तुमच्या डोक्यामागे पंखा फिरत होता. कॅलेंडरचं पान फडफडत होतं. थोड्या वेळाने वहिनी मागून दुधाचा पेला घेऊन आल्या आणि म्हणाल्या, 'अहो, साय धरतेय त्याच्यावर.' तुम्ही पापणी हलवली नाहीत. तुमच्या कपाळावर डास बसला, तरी नाही. वहिनींनी तो फटका मारून टिपला, त्याचा आवाज तीन देशांत ऐकू गेला, आणि तरीही तुम्ही गोठलेलेच. वहिनी घाबरून 'अहो, अहो' करायला लागल्या तेव्हा तुम्ही डोळ्यांनी त्यांना खूण केलीत. ती खूण हवाईतसुद्धा दिसली. व्याही मोठे सभ्य. ते म्हणाले, तुमच्या दिरांचं चित्र अडकलंय वाटतं, आणि कोंबड्यांना दाणे घालायला निघून गेले.

तुम्ही का गोठलात हे मला ठाऊक आहे. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात विनयने मला हसत हसत सांगितलं होतं. तुमचे आजोबा जोशी. कोकणातल्या कुठल्याशा खेड्यातून रत्नागिरीच्या शाळेत आले, वर्गात आधीच ढीगभर जोशी होते, मास्तर वैतागले आणि म्हणाले, तू कुठला ते सांग. पोरगं घाबरून म्हणालं, उंबराखाली झरा आहे, त्याच्याजवळचा. मास्तरांनी तेच लिहिलं. झालं आडनाव. जगात ते लावणारे आज तुम्ही, वहिनी, मी आणि केतकी. त्यांना मिनीबस लागते. आपण एका रिक्षात मावतो, एकाला मांडीवर घेऊन.

तुमच्या मसुद्याच्या पहिल्या पानावर मात्र पेशव्यांची सनद आहे, त्या झऱ्याच्या राखणीसाठी दिलेली. सनदेचा फोटो नाही, कारण सनद नाही. एका घाबरलेल्या मुलाची गोष्ट तुम्हाला सांगायची लाज वाटली, म्हणून तुम्ही तिच्यावर पेशवे पांघरलेत, आणि तेच पांघरून दुसऱ्याच्या आडनावाची झडती घ्यायला निघालात. आजोबांची गोष्ट काय वाईट आहे हो? मला तर विनय ती सांगायचा तेव्हा आवडायची.

मी नोरीनबाईंकडे जाऊन सगळं खरं सांगून आले आहे. क्लबच्या गृहस्थांकडेही गेले, गुडघ्यासह. ते लाजले, मग चहा झाला. केओलाची मी माफी मागितली. तो म्हणाला, 'आई, इट्स ग्रँड', आणि लसूण सोलायला बसला. तेव्हा तुमचा पहिला हुकूम पाळून झाला आहे. दुसऱ्याबद्दल सांगायचं तर मी या पोरीच्या आडनावात पडणार नाही. उंबरझरे लागलं काय, न लागलं काय, मला काडीचा फरक पडत नाही. तुमच्याकडूनही माझी काही अपेक्षा नाही.

वहिनींना नमस्कार. आपली शुगर सांभाळावी.

आपली भावजय,
वसुधा (कंसाबाहेर)

ता. क. जोशी, शाळा आणि मास्तर हे मी काल जेवताना केतकी आणि केओलाला सांगितलं. केतकी इतकी हसली की बाळ उठलं. तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत लिहिते: 'आडनाव केआलामाकानीच राहील, ते फायनल. मधे उंबरझरे घालायला मी तयार आहे. पण ही गोष्ट नानाकाकांनी स्वतःच्या तोंडाने केओलाच्या बाबांना सांगायची, सनदेशिवाय. ज्या नावाची ते लावणाऱ्यालाच लाज वाटते ते मी माझ्या मुलीला देणार नाही.' बारसं रविवारी आहे. व्याही पुन्हा इस्त्रीचा शर्ट घालून कॉलवर येणार आहेत. त्यांनी विचारलंय की तो झरा अजून वाहतो का. आपल्यापैकी कोणीच तो पाहिलेला नाही, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. तेही तुम्हीच सांगा.

ता. क. दुसरा. वर 'काडीचा फरक पडत नाही' असं लिहिलं आहे ते खोडणार होते, पण पानावर खाडाखोड मला चालत नाही. जन्माने हे नाव माझं नाही. तरी चाळीस वर्षं प्रत्येक खिडकीवर मी ते फोड करून सांगितलं आहे, आणि ज्याच्यामुळे सांगितलं तो आता नाही. पोरीच्या नावात ते मध्येच का होईना, मला हवं आहे. ही ती विनंती. दुसऱ्यांदा करणार नाही.

ता. क. तिसरा. हे पत्र रविवारच्या आत पोचणार नाही, आणि पोचलं तरी तुम्ही ते फाइलमध्ये ठेवून द्याल, म्हणून त्याचे फोटो काढून वहिनींना पाठवले आहेत. त्यांचं उत्तर आत्ताच आलं. फक्त 'बघते' एवढंच लिहिलं आहे.